अख्खं क्लीव्ह

वरच्या फळीवरचा शब्दकोश काढायला टकेट मास्तर जेवणाच्या टेबलावर चढले आणि टेबलाला मधोमध तडा गेला. टेबल ओकचं, बायकोच्या, म्हणजे विनिफ्रेडबाईंच्या, आईची एकमेव आठवण.

"शुक्रवारी येते," बहिणीकडे टॉन्टनला निघताना बाईंनी बजावलं. "टेबल सांधलेलं दिसलं नाही, तर आल्या पावली परत जाईन. कायमची!"

गावचा सुतार आजारी. शुक्रवार उजाडला तेव्हा मास्तरांनी कुंपणं बनवणाऱ्या जेबेझला गाठलं. सरळ "चिकटव" म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं. पण निवृत्तीपासून मास्तर जुन्या शब्दांच्या नादी लागलेले.

"हे क्लीव्ह करून टाक."

जेबेझनं टेबलावरून हात फिरवला. "एवढं चांगलं लाकूड, गुरुजी?"

"म्हणून तर!"

"अख्खं?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धवट काम मला खपत नाही."

मास्तर वर जाऊन लिहीत बसले. खालून ठोकाठोकी ऐकू आली. सांधा बसवतोय वाटतं, म्हणून ते खूश झाले. मग असं काही कडाडलं, की लेखणी टाकून ते खाली धावले.

खाली टेबलाची दोन शकलं भिंतीला टेकून उभी होती. जेबेझ पाचर पुसत होता. "एका रेषेत गेलं बघा. उगाच नाही वाडवडील ओकला मानायचे."

"अरे गाढवा, क्लीव्ह म्हणजे चिकटणं!"

"आमच्यात चिरणं. आज्याच्या आज्यापासून."

सगळ्यात वाईट म्हणजे तो बरोबर होता. जुन्या इंग्रजीत चिरण्याचा एक शब्द, चिकटण्याचा दुसरा. लोकांच्या तोंडात झिजून दोन्ही एकच झाले. हे मास्तरांनी आत्ताच वर बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. संसार बुडाला, तोही व्याकरणशुद्ध.

दारात विनिफ्रेडबाई उभ्या होत्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही.

"अगं, त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत..." मास्तरांनी रडवेल्या आवाजात सगळी व्युत्पत्ती सांगितली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"आपल्या लग्नात पाद्रीबाबांनी वाचलं होतं, पुरुषानं बायकोला क्लीव्ह करावं," त्या म्हणाल्या. "त्यावर तुम्ही केवढ्यानं आमेन म्हणालात. ते कुठल्या अर्थाला?"

"चिकटण्याच्या! देवाशपथ, चिकटण्याच्या!"

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "जेबेझ, सरस आण. आणि हे बघा, तो वाळेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."