दीक्षाच्या वहीतली पस्तीस स्थळं

माझी नजर फसत नाही. स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, आमच्या नाशिक जिल्ह्यात कुणालाही विचारा. चौतीस वर्षं हायस्कुलात शिकवलं, त्यातली नऊ वर्षं हेडबाई होते. दहावीच्या परीक्षेला मी वर्गात पाऊल टाकलं की पोरं आपणहून खिशातल्या चिठ्ठ्या खिडकीबाहेर टाकायची. शिवाय आमच्या बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्याची सूची अकरा वर्षं मीच काढलीय. नाव, उंची, शिक्षण, मूळ गाव, अपेक्षा. पाच फूट चार इंचाचा मुलगा स्वतःला पाच-सात लिहितो, ते मी फोटोतल्या दाराच्या कडीवरून ओळखते!

आणि अशा बाईच्या पोटी आमची दीक्षा. वय एकतीस, सिंगापूरला एका प्रयोगशाळेत संशोधन करते, बिशानला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मी आणि आमचे हे, म्हणजे शिवदास, वीज मंडळातून रिटायर झालेले, तिच्याकडे आलो ते एकाच कामासाठी. तिने स्वतःच पसंत केलेला उज्ज्वल. इंजिनियर, जुरोंग ईस्टला आईवडिलांसोबत राहतो, बोलायला गोड, जेवायला बसला की पानात काही टाकत नाही. रविवारी त्याचे आईवडील आमच्याकडे येणार होते आणि लग्नाची तारीख ठरणार होती. नाशिकचा हॉल डिसेंबरात एकच दिवस रिकामा होता, चौदा तारीख. सोमवारी त्यांना नक्की कळवायचं होतं. मुलगी एकतीस वर्षांची झाल्यावर आईला हॉलचीसुद्धा स्वप्नं पडतात, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी दीक्षा कामावर गेली आणि मी टीव्हीच्या मागे फडकं मारायला घेतलं. तिथे महिन्यापूर्वी एक काळा डबा आला होता. ते काय आहे विचारलं तर म्हणाली, "गेम आहे आई, नवीन आलाय, कॉलेज फुटबॉलचा." अमेरिकेत शिकायला होती तेव्हापासून तिला त्याचं वेड. मी म्हटलं असेल. त्या डब्याखाली एक वही होती. लपवलेली. उघडी ठेवलेली वही मी कधी वाचत नाही, पण लपवलेली वही म्हणजे माझ्या पेशाला आव्हान आहे.

उघडली आणि फडकं टाकून तिथेच बसले. पस्तीस मुलांची यादी! सुबक रकाने आखलेले. नाव, उंची, वजन, मूळ गाव, शाळा, आणि शेवटचा रकाना अपेक्षा. कुणाला घरापासून जवळ हवं, कुणाला नावाजलेलं हवं, कुणाला लगेच संधी हवी. नावापुढे क्यूबी, एलटी अशी अक्षरं, डिग्र्या असणार. प्रत्येकाला तारे दिलेले, कुणाला तीन, कुणाला पाच. आणि समोर शेरे. "घरच्यांशी बोलून झालं." "सहाव्या आठवड्यात भेट." "ऑफर दिली, विचार करतोय." "पहिल्या तिघांत आपण आहोत." सगळी नावं अमेरिकन. त्याचं मला काही वाटलं नाही, आम्ही जात मानत नाही तर देश कशाला मानू? पण एकाचं पौंडांतलं वजन वाचलं आणि डोक्यात हिशेब केला, एकशे चाळीस किलो! अशा मुलाला बोहल्यावर नाही, चौथऱ्यावर उभं करावं लागेल.

संध्याकाळी ह्यांना वही दाखवली. हे चष्मा पुसत म्हणाले की सरळ तिला विचार, पोरगी आपली आहे. आता जन्मभर वीज मोजणाऱ्या माणसाला काय सांगायचं? कॉपी पकडताना आधी विचारतात का? आधी पुरावा गोळा करतात. मी पानांचे फोटो काढले, वही होती तशी डब्याखाली ठेवली आणि फोटो आमच्या मेळाव्याच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, एका ओळखीच्या मुलीसाठी चौकशी हवी आहे, गुप्तता राखावी.

चाळीस माणसांच्या ग्रुपवर गुप्तता जेवढी राखली जाते तेवढी राखली गेली. ग्रुपमधल्या निशिकांतरावांचा जावई टेक्सासला असतो, त्यांनी लगेच तीन मुलांची चौकशी लावली. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज गंभीर. म्हणाले, "बेबीताई, त्या गावांत या नावांचा एकही मुलगा नाही. यादीत लिहिलेली शाळासुद्धा नाही. सगळी स्थळं बोगस आहेत."

सिंगापुरात उठल्याबसल्या पाटी दिसते, फसवणुकीपासून सावध राहा. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत आहे, बँकेत आहे, लिफ्टमध्येसुद्धा आहे. त्या सगळ्या पाट्या आमच्याच घरासाठी लावल्या होत्या तर! माझी शिकलेली पोरगी पस्तीस खोट्या मुलांच्या जाळ्यात सापडली, आणि खरा मुलगा जुरोंग ईस्टला भोळेपणाने नवीन शर्ट इस्त्री करत बसलाय.

तरी मी घाई केली नाही. दुपारी दीक्षाने दार लावून घेतलं तेव्हा मी दाराला कान लावला. हे तेवढ्यात पाणी प्यायला उठले आणि मला बघून पाणी न पिताच परत जाऊन बसले. आतून ती कुणा मैत्रिणीशी बोलत होती. म्हणत होती, "तो पाच तारेवाला काही झालं तरी सोडायचा नाही. त्याच्या घरच्यांना मी पटलेय. फक्त उज्ज्वलला कळता कामा नये." एवढं कानावर आल्यावर मी खुर्ची ओढून बसले.

रात्रभर एकच विचार, उज्ज्वलच्या घरच्यांना अंधारात ठेवायचं की नाही. लग्न मोडेल ही भीती होतीच. पण चौतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आता स्वतःच्या दारात तारीख काढताना खोटेपणा करायचा? सकाळी ह्यांना म्हटलं, मी सांगणार. हे म्हणाले, पुन्हा एकदा सांगतो, तिला विचार. मी ऐकलं नाही. हे बरोबर बोलतात तेव्हा मला त्यांचा जास्त संशय येतो.

रविवारी बाराला पाहुणे आले. उज्ज्वल, त्याची आई अंजलीताई आणि वडील प्रतापराव. अंजलीताईंनी नारळाच्या वड्या आणल्या होत्या, मी पाटोड्यांचा रस्सा केला होता. दीक्षा आत चहा टाकायला गेली तशी मी दिवाणखान्याचं दार लोटलं. म्हटलं, "तारखेआधी मला तुम्हाला एक सांगायचंय. माझी मुलगी वाईट नाही. ती फसवली गेलीय. तिला समजून घ्या, लग्न मोडू नका, एवढंच मागते." आणि डब्याखालून काढून आणलेली वही उज्ज्वलच्या हातात दिली. डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. अंजलीताईंनी माझा हात धरला.

उज्ज्वलने पहिलं पान वाचलं. चेहरा बदलला. दुसरं पान वाचलं, पुढे सरकून बसला. तिसऱ्या पानावर त्याने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. बिचारा, मला वाटलं, काळीज फाटत असेल पोराचं. मग त्याने मान वर केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, मी याचे फोटो काढले तर चालतील?"

मी म्हटलं, "काढ बाबा. पोलिसांना लागतील."

त्याने भराभर सगळ्या पानांचे काढले. तेवढ्यात दीक्षा चहाचा ट्रे घेऊन आली, त्याच्या हातातली वही पाहिली आणि ट्रे तिने टेबलावर असा आदळला की कपांतला अर्धा चहा बश्यांमध्ये आला.

"आई, ही त्याला कुणी दिली?"

मग जे काय कळलं ते असं. त्या गेममध्ये नुसतं खेळायचं नसतं. आपण कोच व्हायचं, गावोगावची शाळकरी पोरं हेरायची, त्यांच्या घरच्यांशी बोलायचं, कॉलेज दाखवायला बोलवायचं आणि आपल्या संघात ओढायचं. पोरं सगळी गेमवाल्यांनीच बनवलेली, म्हणून निशिकांतरावांच्या जावयाला सापडली नाहीत. क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, एलटी म्हणजे आणखी काही, सगळ्या मैदानावरच्या जागा. दीक्षा आणि उज्ज्वल दोघं आपापल्या घरून एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध खेळत होते, आणि स्पर्धेचं घरात कुणाला सांगत नव्हते. सासूसासऱ्यांना काय वाटेल म्हणून ती स्पर्धा लपवत होती, आणि उज्ज्वलने बघू नये म्हणून वही. उज्ज्वलने तर आईला सांगून ठेवलं होतं की शनिवारी अमेरिकेशी कॉल असतो. अंजलीताई म्हणाल्या, "आणि मी याला खोलीत नेऊन फळं कापून देत होते."

प्रतापराव आणि आमचे हे हसायला लागले. दीक्षा हसली नाही. ती उज्ज्वलला म्हणाली, फोटो डिलीट कर. तो म्हणाला केले. ती म्हणाली, "वाचलेलं कसं डिलीट करशील?" पाहुणे जेवले, रश्श्याचं कौतुक झालं, पण चौदा डिसेंबरचा विषय निघाला तशी दीक्षा सरळ म्हणाली की आज नको, आधी हा सीझन संपू दे. जे लग्न वाचवायला मी वही काढली, ते त्या वहीनेच पुढे ढकललं! आणि संध्याकाळी सातच्या आत उज्ज्वलने तो पाच तारेवाला क्वार्टरबॅक आपल्या संघात पळवला.

नाशिकच्या हॉलवाल्यांना मी दोन आठवड्यांची मुदत मागितली. ग्रुपवर काय लिहू? होणाऱ्या जावयाने मुलीचा क्वार्टरबॅक पळवला? मी लिहिलं, चौकशी थांबवावी, स्थळं काल्पनिक निघाली. त्यावर अकरा जणांनी हात जोडले.

प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी मी दीक्षाशेजारी जाऊन बसले. म्हटलं बघू तरी काय आहे. पहिल्यांदा तर माझा गेमवरच संशय बसला. नाव फुटबॉल आणि पायाला काम नाही. चेंडू पपईसारखा लांबोळा. दहा सेकंद धावतात आणि अर्धा मिनिट डोकी जुळवून उभे राहतात, ग्रामसभेत ठराव लिहितात तसे. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे कोण खोटं बोलतंय कळत नाही. मी तासभर नाकं मुरडत बसले.

मग ती नव्या मुलांची यादी लावायला लागली आणि मला राहवेना. अगं, हा बघ, अपेक्षेत पहिलं घरापासून जवळ लिहिलंय आणि तुझं कॉलेज तीन राज्यं पलीकडे. हा नाही यायचा, वेळ घालवू नकोस. या दुसऱ्याला सगळे पाच तारे देतायत म्हणून त्याला मिजास आहे. तो तिसरा, तीन तारेवाला, त्याच्याकडे कुणी फिरकलं नाहीये, त्याच्या घरच्यांशी आजच बोल, जन्मभर उपकार मानेल. अकरा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? दीक्षा आधी हसली, मग तिने माझ्या हातात पेन दिलं. त्या आठवड्यात आमची चार मुलं पक्की झाली. आता शनिवारी दार आतून लागायचं, आणि आत आम्ही दोघी असायचो.

उज्ज्वल वाईट नाही, हे मी आजही म्हणते. मुदत संपायच्या आदल्या रविवारी तो आईवडिलांना घेऊन पुन्हा आला. दीक्षाला म्हणाला, "चुकलो. तुझा मुलगा मी सोडून देतो. पण चौदा तारीख जाऊ देऊ नकोस." दीक्षा विरघळली, दिसतच होतं. अंजलीताई विरघळल्या, आमचे हे तर आधीपासूनच विरघळलेले. हॉलवाल्यांचा नंबर ह्यांनी लावूनसुद्धा ठेवला. दीक्षा माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, सगळे तयार आहेत. चौदा डिसेंबर सांगू ना?"

मी वहीत पाहिलं.

"चौदाला नको," मी म्हटलं. "त्याच आठवड्यात आपली याच्याशी फायनल आहे."