क्रियापदाची अंगाई

परीक्षा अकराला होती. सूनबाईनं बाळाला साडेदहाला पाजलं, खांद्यावर टाकून ढेकर काढला, पाळण्यात ठेवलं आणि 'असणे' या फ्रेंच क्रियापदाचा वर्तमानकाळ म्हणत झोका दिला. भूतकाळाच्या मध्यावर बाळाचे डोळे मिटले. गेले तीन महिने हे असंच चाललं होतं. अभ्यासाला वेगळा वेळ मिळेना, म्हणून तिनं अंगाईच्या जागी क्रियापद बसवलं होतं. बाळाची तक्रार नव्हती. उलट कुणी खरी अंगाई म्हटली, की ते डोळे उघडून संशयानं बघायचं.

परदेशात माल पाठवणाऱ्या कंपनीत ती पत्रव्यवहार सांभाळायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "फ्रेंच गिऱ्हाइकं सांभाळणार असाल तर घरून काम करा. तेवढी फ्रेंचची तोंडी परीक्षा पास व्हा. नाहीतर सोमवारपासून ऑफिसात, नऊ ते सहा." आठ महिन्यांच्या बाळापासून नऊ ते सहा लांब राहायचं, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

"आई, उठलंच तर बघाल ना?" लॅपटॉप उघडता उघडता तिनं विचारलं.

सासूबाई शाळेत कवायतीच्या बाई होत्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, आवाज मात्र अजून नोकरीतच होता. "अगं, चारशे मुलांना एका शिट्टीत उभं केलंय मी. एकाला आडवं करायला काय लागतंय?"

अकराला परीक्षक बाई पडद्यावर आल्या. चेहरा इस्त्री केल्यासारखा. नाव-गाव विचारून झालं आणि पलीकडच्या खोलीत बाळ उठलं. आधी खुळखुळा वाजला. मग थोपटल्याचा आवाज आला. मग सासूबाईंनी एक गाणं धरलं, त्यावर बाळानं टिपेचा सूर लावला. सूनबाईनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"'असणे'चा वर्तमानकाळ सांगा," परीक्षक बाई म्हणाल्या.

तिनं तोंड उघडलं, पण उत्तर भिंतीपलीकडून आलं.

"झ स्वी. त्यू ए. इल ए." एक, दोन, एक, दोनच्या ठेक्यात.

परीक्षक बाईंचं पेन थांबलं. "खोलीत कोण आहे तुमच्या?"

"कुणी नाही, मॅडम."

"मग उत्तर कोण देतंय?"

"सासूबाई."

"त्यांना फ्रेंच येतं?"

"नाही, मॅडम."

"बाई, इतकी वर्षं परीक्षा घेतेय मी," त्या थंडपणे म्हणाल्या. "असं उत्तर पहिल्यांदाच ऐकतेय. मी परीक्षा थांबवते."

"एक मिनिट. नुसतं बघा, मग थांबवा." सूनबाईनं लॅपटॉप छातीशी धरला आणि पायानं दार लोटून पलीकडे गेली.

सासूबाई पाळण्याशी ताठ उभ्या होत्या. "झेते. त्यू एते. इल एते." दर शब्दाला एक झोका. पडद्यावरचा अनोळखी चेहरा त्यांनी पाहिला, पण मध्येच थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ओठांवर बोट ठेवून त्या पडद्याला म्हणाल्या, "शू. झोपत आलंय. जरा गप्प बसा."

परीक्षक बाई गप्प बसल्या.

भूतकाळ आणखी दोनदा झाला. बाळाची मूठ हळूहळू सैल पडली. तेव्हा पडद्यातून दबकत प्रश्न आला, "आणि भविष्यकाळ?"

"तो काही मला येत नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "ही इथवर पोचेपर्यंत हे झोपतं. मग हीसुद्धा झोपते."

"तुम्हाला येतो?" हा प्रश्न सूनबाईला होता.

सूनबाईनं तो वाचला होता, मोठ्यानं कधीच म्हटला नव्हता. आता उत्तर सुचवायलाही कुणी नव्हतं. झोपलेल्या बाळाकडे बघत ती चाचपडली. सोमवार आठवला. मग हळूच म्हणाली, "लँदी, झ सरे आ ला मेझों."

"म्हणजे?"

"सोमवारी मी घरी असेन."

परीक्षक बाईंनी आपला कॅमेरा सावकाश खाली वाकवला. त्यांच्या मांडीवर एक गुबगुबीत बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

"याला झोपवायला तासभर झगडतेय मी," त्या पुटपुटल्या. "तुमच्या सासूबाईंच्या आवाजानं दोन मिनिटांत झोपलं. उरलेले प्रश्न आता कुजबुजतच घेते, चालेल?"

चालण्यासारखंच होतं. उरलेली बारा मिनिटं परीक्षा घेतलीही कानगोष्टीत गेली आणि दिलीही कानगोष्टीत. दोन चुका झाल्या. त्या दाखवतानाही परीक्षक बाईंनी आवाज चढवला नाही. शेवटी त्यांनी कागदावर सही केली आणि नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "पास."

सूनबाईनं लॅपटॉप आवाज न करता मिटला. सासूबाईंनी टाळी वाजवायला दोन्ही हात उचलले, बाळाकडे पाहिलं, आणि तळवे बोटभर अंतरावर तसेच रोखून धरले.