लाल डब्यातलं मऊ शिसं

बस ना जरा! काडतुसं नंतर भर. आधी एक गंमत ऐक, म्हणजे माझी फजिती. मोंटानात, आपल्या या खोऱ्यात, जुन्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस माझ्यासारखं भरणारा दुसरा माणूस नाही! असं मी मागच्या जूनपर्यंत छाती फुगवून सांगायचो.

माझे सासरे एमेट, वय शहाऐंशी. त्यांच्याकडं त्यांच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर. मी तीस वर्षं जावई, पण कधी बोट लावू दिलं नाही! आणि गावच्या नेमबाजीच्या आठवडाभर आधी म्हातारा मला म्हणतो, "हार्लन, हात थरथरतात माझे. काडतुसं तू भर. नीट भरलीस तर माझ्यामागं हे तुझं."

माझे पाय जमिनीला टेकेनात!

दुकानातला कर्टिस म्हणाला, "ही नवी बिनधुराची दारू ने की. स्वच्छ काम!"

"वेडा का खुळा तू? शंभर वर्षांवरचं लोखंड ते! तिच्या जोरानं गोळ्यांच्या चक्राचे तुकडे होतील आणि म्हाताऱ्याच्या मिशा आभाळात! काळी दारूच दे."

दारू मी लेकीला स्थळ बघावं तशी निवडली. उरली गोळी. जुन्या नळीला शुद्ध, मऊ शिसं लागतं, कडक गोळी नळी ओरबाडते. अन् मऊ शिसं कुठं मिळेना! शेवटी सासऱ्यांच्याच शेडमध्ये, कपाटामागं, कॉफीचा लाल डबा सापडला. आत मासे धरायच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं. नख मारलं, तर लोण्यावर उठावं तसं उठलं! झाकणावर पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं. पण वाचायचं म्हणजे मला शाळेपासूनच वावडं. सगळं वितळवलं, साच्यात ओतलं. पन्नास गोळ्या, एकीसारखी एक!

स्पर्धेत म्हाताऱ्यानं पहिला बार काढला. धुराचा असा लोट उठला की पंच गायब, प्रेक्षक गायब, डोंगरसुद्धा गायब! धूर विरला, बघतो तर नेमाची लोखंडी ताटली आडवी. करता करता सहाच्या सहा आडव्या!

"काडतुसं भरली कुणी?" पंचांनी विचारलं.

"माझ्या जावयानं!" म्हातारा ओरडला.

माझ्या जावयानं! एरवी मी नुसता 'लोरीनचा नवरा'!

मग मी जो चढलो! ज्याच्या ज्याच्या रिव्हॉल्व्हरला बसतील त्याला काडतुसं फुकट वाटली. धडाधड उडवली लोकांनी. एक उरलं नाही.

म्हातारा नळी पुसत बसला होता. "हार्लन, असं मऊ शिसं माझी व्हर्ना गेल्यापासून बघितलं नव्हतं मी. आणलंस कुठून?"

"तुमच्याच शेडमधून, बाबा! तो लाल डबा!"

पुसणारा हात थांबला.

"झाकण वाचलंस?"

"नाही."

लोरीन धावत पुढं आली. "अरे हार्लन, आईनं ओतलेली वजनं ती! तिच्या शेवटच्या हिवाळ्यात, चुलीपाशी बसून! त्यातलं एक हरवू नये म्हणून बाबांनी नदीवर जाणं सोडलं रे!"

म्हाताऱ्यानं रिव्हॉल्व्हर माझ्यावर रोखलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तरीच नेम लागला." आणि गाडीत जाऊन बसला.

तेव्हापासून दर रविवारी मी इथं, उडालेलं ते शिसं शोधत ताटल्यांमागची ही माती चाळतो. तिसऱ्या रविवारी म्हातारापण आला, घडीची खुर्ची घेऊन. मी सापडलेला तुकडा दाखवला की स्वतः नख मारून बघतो. "हे कडक आहे, फेक! तुला दारूतलं कळतं रे, शिशातलं काय कळतंय!" रिव्हॉल्व्हरचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. आतापर्यंत अर्धा डबा भरलाय.

तर आता एक कर. ती दुसरी चाळणी घे. तुकडा सापडला की नख मार, उठलं तरच डब्यात टाक. आणि टाकण्याआधी झाकणावरचं मला जरा वाचून दाखव. अजून वाचलेलं नाही मी ते. विचारलंच कुणी, तर चष्मा घरी राहिलाय म्हणून सांग.