पाटील-कुलकर्ण्यांची जपानी गोष्ट

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले बळवंत मास्तर जपानी पुस्तकं वाचून दाखवायचे. त्यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. मास्तर म्हटला की वाचणारच. विशेष एवढंच, की मास्तरांना जपानीचं एक अक्षर येत नव्हतं. ऐकायला बसणाऱ्या आम्हा पेठकरांनाही येत नव्हतं, त्यामुळे कधी काही अडलं नाही.

ही टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. रविवारी दुपारी मटण जिरवत माणसांनी करायचं काय, हा पेठेपुढचा मोठा प्रश्न असायचा. तो मास्तरांनी सोडवला. ते शाळेत ड्रॉइंग शिकवत. अंगाने काटकुळे, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. लग्न केलेलं नव्हतं. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. मी पाणीपट्टी खात्यात कारकून, म्हणजे आठवडाभर लोकांचं ऐकून घेणारा माणूस. रविवारी निदान जपानी ऐकावं म्हणून मीही त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो.

पुस्तकं चार होती, सगळी चित्रांची. चौकटीमागून चौकट, आणि माणसांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत ती मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं. गोष्ट दोन पुरुषांची. एक उंच, रुंद खांद्यांचा, कपाळाला कायम आठी. दुसरा सडपातळ, कुरळ्या केसांचा. मास्तरांनी उंचाचं नाव ठेवलं पाटील आणि कुरळ्याचं कुलकर्णी. "जपानी नावं तुमच्या तोंडात बसायची न्हाईत," असं ते आम्हाला म्हणाले. त्यांच्या तोंडात कशी बसली असती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्याच रविवारी सखाराम पैलवानाने आक्षेप घेतला. सखाराम म्हणजे आमच्या गल्लीतला दूधवाला, एकेकाळचा नावाजलेला मल्ल.

"मास्तर, हा कुलकर्णी बाई हाय."

"बाई न्हाय."

"मग डोळं एवढं मोठं कशापायी?"

"तुझ्या म्हशीचं डोळं मोठं न्हाईत?"

"म्हस बाईच हाय की ओ!"

कट्टा हसून लोळला. मास्तरांनी शांतपणे पानं उलटली आणि कुलकर्णी आरशासमोर दाढी करतोय ते चित्र पैलवानाच्या नाकासमोर धरलं. पैलवानाने ते बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे दोघं बी बाप्ये?"

"दोघं बी."

"आन् एकमेकावर जीव?"

"जीव."

पैलवानाने मांडी बदलली. कट्ट्यावर कुणी हसलं नाही, कारण पैलवान हसलेला नव्हता. "असंल," तो म्हणाला. "माणूस हाय, जीव लागतोय. वाचा फुडं."

असा तो प्रश्न आमच्या पेठेत एका मिनिटात निकालात निघाला. नंतर वर्तमानपत्रांत मोठमोठ्या लोकांचे याच विषयावरचे लेख वाचले, तेव्हा मला पैलवानाची फार आठवण आली.

पुस्तकात काही पानं अशी होती, की तिथे मास्तरांचा अंगठा बरोबर चित्राच्या मधोमध यायचा. "इथं दोघं खासगी बोलतायत. आपलं काय काम न्हाई," म्हणून पान उलटलं जायचं. मागून कुणी मान लांब केली की मास्तर डोळे वटारायचे. "चित्र बोलतंय तवा आपण गप बसायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेतही ते हेच म्हणत. पोरं त्यांची नक्कल करत.

आता त्या गोष्टीबद्दल. ती जरा चमत्कारिक होती. सुरुवातीलाच पाटील आणि कुलकर्णी एका छोट्या घराच्या ओसरीवर बसून वाफाळणाऱ्या वाडग्यातून जेवतायत, केस पिकायला लागलेत, पायाशी एक म्हातारं कुत्रं. मग ते घर जातं. मग भांडण. मग कुलकर्ण्याचा हात प्लास्टरमध्ये दिसतो, आणि पुढच्या पानावर तो सायकलवरून पडतो.

"आधी प्लास्टर आन् मग पडला?" मी विचारलं. कारकून माणूस, क्रम चुकला की मला खपत नाही.

"वसंता, जपानी माणूस शिस्तीचा," मास्तर म्हणाले. "आपल्यासारखं पडल्यावर धावाधाव करत न्हाई. आधी तयारी."

पानांचे आकडेसुद्धा उलटे होते. मोठ्या आकड्यापासून सुरू होऊन एकाकडे यायचे. त्यावर मास्तरांचं म्हणणं, "किती पानं उरली ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून. सोय बघा किती!" पुस्तकांवर चार, तीन, दोन, एक असे आकडे होते तेही त्यांनी त्याच न्यायाने लावून घेतले. रंगीत झगझगीत मुखपृष्ठ मागच्या बाजूला होतं. "भारी चित्र मागं छापत्यात. उगं फुडं फुडं करत न्हाईत." या खुलाशानंतर जपानबद्दलचा आमचा आदर इतका वाढला, की कारखान्यात काम करणारी पोरं आपल्या शेटजींना जपानचे दाखले देऊ लागली.

शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर रेल्वे स्टेशन होतं. गर्दीत पाटील एका बाजूला, कुलकर्णी दुसऱ्या बाजूला. दोघांची नजर जराशी भेटते, पण ओळखीची खूण नाही. संपलं. मास्तर पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "एका ताटात जेवलेली माणसं. शेवटी स्टेशनावर तोंडओळख बी उरत न्हाई. जगात हे असंच असतंय बाबांनो." सखाराम पैलवान टॉवेलने डोळे पुसायचा. मग दोन रविवार विश्रांती, आणि पेठेच्या आग्रहावरून पुन्हा पहिल्यापासून.

ही पुस्तकं मास्तरांकडे कशी आली, ते सांगितलं पाहिजे. ती दिनकररावांनी आणली होती. दिनकरराव उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत कामाला होते. ते आणि मास्तर त्या दोन खोल्यांत कितीतरी वर्षं एकत्र राहिले. मास्तर भाकरी थापायचे, दिनकरराव रस्सा करायचे आणि सकाळी दोघं एकाच बादलीतल्या पाण्यावरून भांडायचे. फौंड्रीने दिनकररावांना नव्या मशीनचं काम शिकायला जपानला पाठवलं. परत येताना त्यांनी पेठेतल्या पोरांना पेन्सिली आणल्या आणि मास्तरांना ही चार पुस्तकं. "सावकाश बघ," एवढंच म्हणाले. मास्तरांनी ती फडताळात ठेवली.

आणि महिन्याभरात दिनकरराव ट्रंक घेऊन उचगावला निघून गेले. तिथे त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. पुस्तकं फडताळातून बाहेर निघाली ती त्यानंतर, कट्ट्यावर वाचायला. पांढऱ्या रश्श्यात मीठ दोनदा पडलं त्यावरून वाजलं, असं पेठेचं मत होतं. कोल्हापुरात एवढं कारण कुणालाही पटतं.

मला खरं कारण माहीत होतं, कारण भिंत एकच होती. त्या संध्याकाळी दिनकरराव म्हणाले होते, "आईनं मुलगी बघितल्याय. काय करू?" मग पलीकडून नुसता स्टोव्हचा आवाज येत राहिला. शेवटी मास्तर म्हणाले, "कर की. मला काय विचारतोस?" दुसऱ्या दिवशी ट्रंक गेली. दिनकररावांनी लग्न मात्र केलंच नाही. मी हे फक्त शालनला सांगितलं होतं. शालन म्हणजे आमची मंडळी.

कट्ट्यापासून उचगाव सायकलने अर्ध्या तासावर. मास्तरांनी त्या बाजूला तोंडसुद्धा केलं नाही. पंचगंगेला पूर आला की ते आवर्जून विचारायचे, "उचगावकडं पाणी शिरलं काय रे?" आणि उत्तर ऐकून घेताना दुसरीकडे बघायचे.

शालन कधी कट्ट्यावर यायची नाही. एकदा मात्र पहिल्या पुस्तकापासून दर रविवारी शेंगा सोलायला कट्ट्यालगतच्या आमच्या दारात बसली आणि तिने सगळं ऐकलं, पाहिलं. शेवटच्या रविवारी स्टेशन आलं, पैलवानाचा टॉवेल वर गेला, आणि ही उठून म्हणाली, "मास्तर, एक विचारू? ते कुत्रं लहान कसं हुतंय?"

"कुठलं कुत्रं?"

"पहिल्या पुस्तकात म्हातारं हुतं. मग जवान झालं. आता पाटलाच्या कोटाच्या खिशात पिल्लू बसलंय."

मास्तर सावरून बसले. "वहिनी, जपानी कुत्री—"

"जपानी असू दे न्हाईतर जर्मन. म्हातारपणाकडनं पिल्लाकडं जाणारं कुत्रं अजून कुठल्या देशात निघालेलं न्हाई." तिने पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं, पालथं केलं आणि रंगीत बाजूने उघडलं. "तुमची गोष्ट उलटी हाय. स्टेशनावर ते एकमेकाला विसरलेलं न्हाईत. पहिल्यांदा बघाय लागल्यात."

जपानी पुस्तक आपल्याकडच्या शेवटाच्या बाजूने उघडतं, हे कट्ट्यावर कुणाला ठाऊक! ती उभ्या उभ्या चारही पुस्तकांची पानं उलटत गेली. स्टेशनवर नजर भेटते. पाटील भिजत पडलेलं पिल्लू उचलून खिशात घालतो. कुलकर्णी सायकलवरून पडतो, मग प्लास्टर, आणि पाटील त्याला घास भरवतो. भांडण होतं, एक जण निघून जातो, बऱ्याच पानांनी परत येतो. घर होतं. सगळ्यात शेवटी ओसरी, वाडगे, पिकलेले केस आणि पायाशी म्हातारं कुत्रं.

"म्हंजे गोड झालं?" सखाराम पैलवान ओरडला. "आन् मी इतकी वर्षं रडतोय!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. उठले, शालनच्या हातातून पुस्तक घेतलं आणि म्हणाले, "पुस्तक माझं हाय. मी वाचीन तसं." आत जाऊन त्यांनी कडी लावली.

पुढच्या रविवारी कट्ट्यावर कुणी बसलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला शालनचा राग आला होता. चांगली चाललेली करमणूक हिने कुत्र्यापायी बुडवली, असं मी तिला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "तुम्हाला करमणूक दिसली. मला त्या माणसाचं तोंड दिसलं."

मग एका संध्याकाळी मास्तर आमच्या दारात उभे राहिले, काखेत चारही पुस्तकं. "वहिनी, एकदा दाखवा बघू. तुमच्या बाजूनं."

शालनने हात पुसले आणि त्यांच्या शेजारी बसली. ती नुसती पानं उलटत होती. अंगठ्याचं पान आलं आणि सवयीने मास्तरांचा अंगठा तिथे गेला.

"मास्तर, हात काढा," ती म्हणाली. "मी काय परकी न्हाई."

त्यांनी अंगठा काढला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सगळं संपल्यावर शालनने विचारलं, "दिनकर भावजींनी हीच पुस्तकं का आणली असतील?"

"चित्रं चांगली हायत म्हणून."

"एवढा मोठा जपान. चांगली चित्रं काय ह्याच पुस्तकांत हुती?"

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. आयुष्यभर त्यांनी पोरांना चित्र बघायला शिकवलं, आणि हे एवढं मोठं चित्र वेळेवर बघायचं सोडून फडताळात ठेवून दिलं होतं. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. दिनकरराव तोंडाने सांगता येत नाही म्हणून चार पुस्तकं समुद्रापलीकडून घेऊन आले, आणि हा गृहस्थ म्हणतो 'कर की'!

"वसंता," मास्तर म्हणाले, "तुझी स्कूटर चालू हाय न्हवं?"

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते मागच्या सीटवर बसून वाटभर मला सूचना देत होते: हळू घे, खड्डा बघ, इतकं हळू कशाला घेतोस. उचगावच्या वेशीपाशी म्हणाले, "जरा थांब." थांबलो. "चल." पुन्हा निघालो. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी थांबलोच नाही.

वर्कशॉपच्या मागेच घर होतं. दिनकरराव दारासमोर बसून पंपाचा वॉल्व्ह घासत होते. चष्मा लागला होता, केस पांढरे झाले होते. त्यांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि परत वॉल्व्ह घासायला लागले.

"या पावणं," ते वॉल्व्हकडे बघत म्हणाले. "वाट चुकलासा काय?"

मास्तर उन्हात वहाणा काढून ओसरीच्या कडेला बसले. मी स्कूटरपाशीच उभा राहिलो. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ठरवलं होतं कोण जाणे. त्यांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली. मग तो तालमीतला आवाज एकदम बाहेर पडला. शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

"दिनकर, लग्न करू नको."

दिनकररावांच्या हातातला वॉल्व्ह थांबला. त्यांनी चष्मा काढला. पहिल्यांदा त्यांना हसू आलं, आणि मग ते हसू जरा वेडंवाकडं झालं.

"आता कोण पोरगी देतंय मला, बळवंता? पुढच्या वर्षी साठी लागंल."

"तरी बी," मास्तर म्हणाले. "सांगायचं राहिलं हुतं."

दिनकररावांनी तेलाचे हात धोतराला पुसले, उठले, आणि मास्तरांच्या वहाणा उन्हातून उचलून घरात नेऊन ठेवल्या.

मी न विचारताच स्कूटर वळवली.