लालोजीराव ट्रॅक्टर तोरणाखाली पोचले त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. अखंडसौभाग्यवती चिरंजीव रेवती, मुक्काम जळगाव जामोद, इजला आईचे अनेक आशीर्वाद, उपरि विशेष. तू फोनावर पुसिलेस की, पोळ्याचे दिवशी खरे काय जाहले, अन्नपूर्णाकाकू निराळेच सांगते. ऐसियास आमची इयत्ता चौथी, परंतु डोळे दोन्ही शाबूत, आणि काकूची जबानी म्हणजे पाणी घालून वाढविलेले ताक. याकरिता जे घडले ते घडले तैसे, पदरचे काही न घालता, आणि घातले तर चवीपुरतेच घालून लिहीत आहो. चित्त देऊन वाचणे, आणि जावईबापूंसही मोठ्याने वाचून दाखविणे.

आपले गावी पोळ्याचे तोरणाखाली अव्वल उभे राहण्याचा मान थोरल्या पातीचा, म्हणजे आपला. बैल होते तोवर बैलांनी राखिला. पुढे बैल गेले, दावणी ओस पडल्या, आणि पंचांनी ठराव केला की बैल नसेल त्याने ट्रॅक्टर सजवून आणावा. तेव्हापासून वावरधुरंधर, धूम्रध्वज, चिखलगजकेसरी श्रीमंत लालोजीराव ट्रॅक्टर यांनी तो मान शिरावर घेतला. उमरीने तुझ्या भावाहून, सोहमाहून थोर, एक दिवा तिरपा, सायलेन्सरास टाके. परंतु वावरात उतरले की ढेकूळ जागचे जागी थरथरे.

औंदा धाकट्या पातीने, म्हणजे आमच्या जाऊबाई अन्नपूर्णाबाईने, नवाकोरा निळा ट्रॅक्टर आणिला, आणि तो दारी उभा राहिल्यापासून बाईची मान खाली म्हणून होईना. मग तिने नवऱ्याकरवी पंचांत कलम घालून घेतले की, तोरणाखाली यंत्र बंद करून उभे राहावे, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवने, म्हणून होईतो थांबावे, आणि मग एका चावीत आपल्या दमाने निघावे. जो ढकलून निघेल किंवा दोराने निघेल त्याचा मान त्याच घडीस मागच्यास जाईल, तो पुन्हा मागता येणार नाही. हे कलम कोणाचे मुळावर होते, ते गावातल्या शेळ्यांसही समजले.

कारण लालोजीरावांची तबियत नागपंचमीपासून नासाज होती. चावी फिरवावी तो आतून 'कट्' एवढाच हुंकार यावा आणि स्वारी स्तब्ध. मग मारुतीचे उतारावर रोज मुक्काम ठेवावा, सकाळी घरंगळत सोडून जागे करावे, ऐसे दिवस काढले. नवल हे की, एकदा सुरू जाहले की दिवे लखलखीत, आणि बंद होताच डोळे मिटले. बॅटरी दोनदा भरून आणिली, दोनदा उपाशीच राहिली. तोरणाजवळ मात्र उतार नाही, सपाट मैदान आहे.

पोळ्याचे सकाळी आम्ही पुरण शिजवीत असता अंगणातून कट् ऐकिले, आणि झारा घेऊन बाहेर आलो, तो सजावटीकरिता उतारावरून आणिलेले लालोजीराव आंब्याच्या पानांत आणि झुलींत नटून उभे, आणि बॅटरीवर पिवळे काही चोपडलेले. तुझे वडील, राजमान्य शेषराव, हात पुसत होते.

"हे काय चोपडलं?"

"लोणी-हळद. बैलाच्या खांद्याले चोळते ना, ती खांदमळणी. काल राह्यली होती."

"बॅटरीले?"

"मंग काय टायरले लावू? सगळं ओझं तेच उचलते. खांदा तो त्याचा."

यावर आम्ही काय बोललो ते येथे लिहीत नाही, कारण हे जावयासमोर वाचायचे आहे.

मग आमचा हुकूम सुटला की, सोहमने फटफटीवर बसून देऊळघाटास रवाना व्हावे आणि बॅटरीवैद्य जहांगीर मिस्त्री यांस जेवत असले तर घास हातात घेऊन आणावे. तो शहाणा माणूस, वेळ जाणून आला. संगे आपल्या जीपची भरलेली बॅटरी कुमक म्हणून आणिली, आणि आमचे बॅटरीवर बोट फिरवून हुंगले.

"काकी, ग्रीस लावतात ते पाह्यलं. लोणी पयल्यांदाच पाहून राह्यलो. वास मात्र मस्त येऊन राह्यला."

मग गरम पाण्याने लोणी उतरविले, बॅटरीच्या खुंट्या घासून चांदीसारख्या केल्या, आणि चावी फिरविली, तो कट्. लोणी निर्दोष ठरले, आणि शेषराव आमच्याकडे असे पाहू लागले की जसा त्यांचा सत्कार होणार आहे. मग जहांगिराने आपली कुमकेची बॅटरी चढविली, तरी कट्. तेव्हा बॅटरीही निर्दोष. मग डायनामाचा पट्टा ताणिला, तारा हलवून पाहिल्या, आणि अखेर सेल्फावर, म्हणजे यंत्रास झोपेतून उठविणारा जो चोपदार त्यावर, संशय धरिला.

"हा खोला लागीन, काकी. बुलढाण्याले न्या लागीन. अन् आज तं सारी दुकानं बंद."

हे ऐकून फौजेचा धीर सुटला. शेषराव ओट्यावर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे. एक साल त्याइचा मान होऊ दे, आपलेच आहेत." आपलेच आहेत म्हणूनच तर नको! परक्याने मान नेला तर दुसऱ्या गावचा समजून विसरता येते. जावेने नेला तर तो रोज संध्याकाळी कुंपणावरून दिसतो. आणि रेवती, सासूबाईंनी जाता जाता आमचे हातात घराच्या किल्ल्या दिल्या तेव्हा दागिन्यांचे नाव काढले नाही, एवढेच बोलल्या की, तोरण सोडू नको. ते आमचे हातून सुटते की काय, ऐसा तो समय होता.

इतक्यात खुद्द अन्नपूर्णाबाईच विरजणाचे निमित्त करून शत्रूची छावणी पाहण्यास आल्या, आणि पदर सावरून गोड बोलल्या, "जाऊबाई, दोर पायजे काय? आमच्याकडं नवा हाय, प्लास्टिकचा."

"दोर राहू दे तुह्याजवळ," आम्ही म्हटले. "मान आखडलीय ना तुही, बांधाले कामी येईन."

बाई विरजण न घेताच परतल्या.

मग जहांगिराने शेवटचा उपाय म्हणून आपला टेस्टचा दिवा काढिला. एका टोकास चिमटा, दुसऱ्या टोकास सुई, मधे इवलासा बल्ब. बॅटरीच्या दोन खुंट्यांस दोन टोके लाविली तो दिवा फक्क पेटला. मग चिमटा ट्रॅक्टरच्या अंगास लाविला आणि सुई बॅटरीच्या सेल्फाकडे जाणाऱ्या तारेच्या खुंटीस, तो काळोख. जहांगिराने दिवा झटकिला, फुंकिला, मांडीवर आपटिला.

"बल्ब गेला वाटते."

आता आम्ही दिवे, तारा काही शिकलो नाही; परंतु जन्मभर चुलीपुढे बसलो, आणि आत्ता पेटलेले आत्ताच का विझले, हे पुसण्याची खोड आहे.

"काऊन रे, आता तं लागला होता ना? कायले लावला तो चिमटा?"

"बॉडीले, काकी."

"बॉडीले कुठी? रंगाले लावला तू."

जहांगिराने चिमटा पाहिला. लालोजीरावांचे अंग नखशिखांत तांबडे, जाड, तुळतुळीत ऑइलपेंटचे. कारण नागपंचमी सरताच शेषरावांनी पोळ्याकरिता बैलाची शिंगे रंगवावी तैसे सगळे यंत्र आपल्या हाताने रंगविले होते. जहांगिराने सुईने रंग खरवडला, खाली लोखंड चमकले, तेथे चिमटा लाविला, तो दिवा लागला. मंद लागला, परंतु लागला.

मंद का, हे मनात धरून आम्ही पुसिले, "अन् ही बॅटरीची काळी पट्टी कुठी जाते?"

"बॉडीले. तिच्याच वाटेनं करंट वापस येते. सेल्फचाही, चार्जिंगचाही."

मग सगळे शेषरावांकडे पाहू लागले. ते मोठ्या अभिमानाने बोलले, "त्या पट्टीचा बोल्ट खोलून आतूनसुद्धा दिला ना रंग. दोन हात. पट्टीच्या टोकालेही दिला. कसर नको म्हणून."

जहांगिराने कपाळावर हात मारिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बॅटरीचा दरवाजाच लिंपून टाकला. आत चार्जिंग जाईन कुठून, अन् सेल्फले ताकद येईन कुठून?" हे आपण आधी का पाहिले नाही, याबद्दल तो स्वतःलाही दोन शब्द बोलला.

मग आम्ही फर्मान काढिले की, बोल्ट तत्काळ खोलावा. पाना आला, पट्टी सुटली, पॉलिश पेपर कोणाजवळ सापडेना, तेव्हा आम्ही भाकरीचे उलथणे खुद्द हाती घेतले, आणि बोल्टाचे बूड, पट्टीचे टोक आणि खालचे लोखंड ऐसे खरवडले की जसे पातेल्याचे करपलेले दूध. तांबडे पापुद्रे उडाले, धातू बोलू लागला, पट्टी आवळली, आणि सोहमने मारुतीचे नाव घेऊन चावी फिरविली. कट् नाही, कुट् नाही. लालोजीराव एकदम गर्जले, काळ्या धुराचा झेंडा आभाळास लागला, आणि कुंपणावरची कोंबडी उडून अन्नपूर्णाबाईचे अंगणात पडली. तो शकुन आम्ही ध्यानात ठेविला.

तिसरे प्रहरी तोरणाखाली तमाम गाव जमा झाला. लालोजीराव अव्वल, निळा मागे. कलमाप्रमाणे यंत्र बंद केले. झडत्या सुरू जाहल्या, आणि तेवढ्या वेळात आम्ही लुगड्याचा पदर चावून अर्धा केला. झडत्या सरल्या, सोहमने चावी फिरविली, आणि एका चावीत, आपल्या दमाने, तोरण तोडून श्रीमंत पार जाहले. फत्ते जाहली.

मग रिवाजाप्रमाणे स्वारी घरोघर पूजेस निघाली. अन्नपूर्णाबाईचे दारी आम्ही मुद्दाम यंत्र बंद करविले, म्हणजे पुन्हा सुरू होताना त्यांस नीट ऐकू यावे. बाईने टायरावर पाणी घातले, कुंकू लाविले, पुरणपोळी ठेविली. चावी फिरली, गर्जना जाहली, आणि बाई ताटासुद्धा दोन पावले मागे सरली. मग थोरल्या दिराशी, म्हणजे भासऱ्यांशी, थेट बोलू नये म्हणून आमचेकडे तोंड करून, तुझे वडील ऐकतील अशा बेताने बोलली, "जाऊबाई, काही म्हणा, रंग मात्र लय उजळला. भासऱ्याइले सांगा, पुढल्या पोळ्याले आमच्याही ट्रॅक्टरले असाच देजा. आतून-बाहेरून."

शेषराव तोंड उघडू लागले. आम्ही त्यांचे पायावर पाय ठेविला आणि म्हटले, "हाव, देतील ना. दोन हात."

येणेप्रमाणे पोळ्याची मोहीम यशस्वी होऊन थोरल्या पातीचा मान थोरल्या पातीकडे राहिला. जहांगीर मिस्त्री यांस पुरणपोळीचा डबा आणि त्यांच्या धाकट्या मुलाकरिता कुर्ता देऊन सन्मानाने रवाना केले. उलथणे धुवून देव्हाऱ्यात ठेविले आहे. उरलेला तांबडा रंग झाकण घट्ट करून माळ्यावर जपला आहे.