एकेक बोट जास्तीचं

"पाच तासांच्या वर एका जागी बसायचं नाही," मास्तरीणबाईंचे सुजरे पाय बघून डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आणि लेकीचं बाळंतपण समुद्रापलीकडे, अगदी तोंडावर आलेलं!

"आई, फोनमध्ये दोन्ही विमानतळ घातले की अंतर येतं गं. साडेचार तासांत पोचशील," लेक म्हणाली.

मास्तर म्हणजे गल्लीतले शिंपी. गळ्यातला टेप आंघोळीपुरताच उतरायचा. ते म्हणाले, "फोनवर मागवलेला जावईबापूंचा शर्ट आठवतोय ना? बाह्या गुडघ्यापर्यंत! अंतर मी स्वतः मोजणार."

भिंतीवरच्या नकाशाला टेप लागला. विमानाच्या वेगाने भागाकार झाला. "सात तास!" मास्तरांनी निकाल दिला.

मास्तरीणबाईंनी बाळासाठी शिवलेली दुपटी बॅगेतून गुपचूप बाहेर काढली. ते बघून शेजारच्या भाऊजींना राहवेना.

"अहो मास्तर, पृथ्वी गोल. तिला कागदावर ताणून बसवलंय. माप चुकणारच!"

"म्हणजे सुटलेल्या पोटाचं माप पाठीवरून घेतल्यासारखं झालं की! आधी नाही का सांगायचं?"

भाऊजींनी घरातला पृथ्वीगोल आणला. मास्तरांनी दोन्ही विमानतळांवर टाचण्या खुपसल्या.

"अहो, हळू! भोक पडलं!"

"रफू करून देतो."

दोरा लावला, कापला, टेपवर धरला. "साडेसहा तास. देवाची इच्छा नाही, दुसरं काय!"

"देवाला मध्ये आणू नका," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी तोच दोरा उचलून स्वतः टाचणीपासून टाचणीपर्यंत धरला. दोन्हीकडे बोटबोटभर दोरा लोंबत होता.

"हे काय?"

"शिलाईत जातं तेवढं."

"आकाशात कसली शिलाई?"

"सवय गं. दोन्ही टोकांना एकेक बोट सोडतोच माणूस."

"अहो, त्या एका बोटात अख्खा देश बसतो!"

भाऊजी खो-खो हसले. मास्तर काही हसले नाहीत. टेपचं टोक बोटाला गुंडाळत पुटपुटले, "काठोकाठ बेतलं की ताण येतो. मग उसवतं. तू दोन महिने तिकडे… मला तर चहाचा डबा कुठला तेसुद्धा ठाऊक नाही."

मास्तरीणबाई दुपट्यांच्या घड्या घालून ती पुन्हा बॅगेत भरू लागल्या.

"थोडं जास्तीचं मीही धरलंय हो."

"कशात?"

"लेकीला तिकिटं दोन काढायला सांगितलीत. डॉक्टरीणबाईंकडून आल्या आल्याच."

मास्तर बघतच राहिले. मग त्यांनी दोऱ्याची दोन्ही टोकं दातांनी तोडली, उरलेला दोरा पृथ्वीवर ताणून धरला आणि चष्मा सावरत म्हणाले,

"हात्तिच्या! हे तर हाकेच्या अंतरावर आहे की!"