हाय का न्हाय

तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय मी. लोकशाही म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही! म्हणून निवृत्त झाल्याबरोबर पहिलं काम काय केलं, तर आमच्या अपार्टमेंटची कमिटी बरखास्त करवली. नऊ घरं, त्यांच्यावर तिघांनी राज्य कशाला करायचं? अध्यक्ष बाळासो तर बारा वर्षं कुणाला न विचारता सगळं ठरवत आलेले. आता प्रत्येक प्रश्नावर प्रत्येक घर थेट मत देणार, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर. नियम मीच लिहिले. घराचा पहिला शब्द तेच मत, दिलेलं मत बदलायचं नाही, निकाल वर्षभर पक्का. आणि ‘सहमत-असहमत’ असलं पुस्तकी नको, म्हणून मत आपल्या बोलीत द्यायचं: ‘हाय’ किंवा ‘न्हाय’.

बाळासो एवढंच म्हणाले, “सर, कमिटीला शिव्या घालता येत्यात. नऊ घरांस्नी कोण घालणार?”

मी हसलो. हसायला नको होतं.

पहिलाच प्रस्ताव तळमजल्यावरच्या अमरसिंहांनी टाकला: ‘लिफ्ट बंद करायला मान्यता हाय का न्हाय?’ त्यांचं घर लिफ्टला चिकटून. तिच्या घरघरीनं त्यांची दुपारची झोप मोडते म्हणे.

तिसऱ्या मजल्यावर घर एकच, धोंडुबाईंचं. वय शहात्तर, एकट्या राहतात, महिन्यापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दर मंगळवारी दवाखाना. लिफ्ट बंद म्हणजे बाई वर कोंडल्या!

“एका घरासाठी आठ घरांनी सोसायचं? ही कसली लोकशाही, सर?” अमरसिंहांनी मलाच विचारलं. असले प्रश्न मी पोरांना परीक्षेत घालत असे. उत्तर कधी स्वतः लिहिलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी आठपर्यंत मुदत होती. सात वाजता धोंडुबाई लिफ्टनं आमच्याकडे पहिल्या मजल्यावर आल्या आणि माझ्या मोबाइलसमोर बसल्या.

“मास्तर, लोकं माझ्यावर कशापायी रुसल्यात?”

“रुसलं न्हाय कुणी. हे आपलं मतदान हाय.”

“मग मी कुणाचं काय वाईट केलंय?”

माझी बायको कालिंदी चहा ठेवून गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हे फार वाईट लक्षण.

पावणेआठपर्यंत चार ‘हाय’ आणि चार ‘न्हाय’ झाले. ‘हाय’मधल्या दोघांनी वर ‘जिना चढल्यानं तब्येत सुधारते’ असंही लिहिलं होतं. दोघंही तळमजल्यावर राहतात!

उरलं एक घर, स्नेहलचं. ती राधानगरीला माहेरी गेलेली. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. सात पन्नास. सात पंचावन्न. बरोबरी राहिली तर लिफ्ट वाचत होती. मुख्यमंत्र्यांची खुर्ची वाचावी म्हणून कुणी केला नसेल इतका धावा मी केला.

सात एकोणसाठला मोबाइल वाजला.

स्नेहल: ‘हाय’

आठ वाजून एक मिनिटानं पुन्हा वाजला.

स्नेहल: ‘आत्ता रेंज आली. सगळी बरी हायत न्हवं? धोंडुमावशींचा गुडघा कसा हाय?’

पोरगीनं नमस्कार केला होता हो! इंग्रजीतला!

मी खाली धावलो. अमरसिंह लिफ्टच्या मेन बटणापाशी उभेच होते. “पहिला शब्द तेच मत. नियम तुमचाच, सर,” म्हणाले आणि बटण खाली केलं. मी बाळासोंचं दार ठोठावलं. त्यांचं मत ‘न्हाय’ होतं.

“मी काय करू?” ते म्हणाले. “मी अध्यक्ष असतो तर ह्यो प्रश्न फळ्यावरच लिवू दिला नसता. आता मी नवातलं एक घर.”

मान खाली घालून वर आलो. धोंडुबाई तिथंच बसलेल्या. आता त्यांना वर जाता येणार नव्हतं.

कालिंदीनं तोवर आमच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं होतं. माझ्या हातात त्यांच्या घराची किल्ली दिली.

“मावशी हितंच ऱ्हाणार. मी त्यांच्यासोबत. तुम्ही वर झोपायचं.”

“अगं, घरात तरी आधी विचारायचं...”

“विचारून बघितलंसा की एकदा,” कालिंदी म्हणाली.

मी उशी उचलली आणि जिन्याला लागलो.